म्हैस तेवढी उरली

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यमनगरातल्या त्या फौंड्रीची भट्टी अजून पेटायची होती. मालक मात्र केव्हाच पेटले होते.

संयोगिता इंगवले फाटकातून आत आली तेव्हा यंत्रांवरच्या झेंडूच्या माळा सुकू लागल्या होत्या आणि मालक विजयसिंहांचा आवाज मोल्डिंग शेडच्या पत्र्यावर आपटून परत येत होता. ती तंत्रनिकेतनात संगणक शिकवत असे. तिला बोलावणे आले होते ते अगदी साध्या कामासाठी. कचेरीत चार संगणक होते, तारेने एकमेकांना जोडलेले. ते आहेत तसे बरोबरीच्या नात्याने नांदू द्यावेत, की मध्ये एक मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, आणून बाकीच्यांना त्याच्या हुकमतीखाली द्यावे, एवढा सल्ला तिला द्यायचा होता. पहिल्या रचनेला वर्कग्रुप म्हणतात, दुसरीला डोमेन. दोन हजार एक सालच्या कोल्हापुरात हे दोन शब्द कळणारी माणसे थोडी होती, आणि ते न कळता वापरणारी पुष्कळ.

"या मॅडम," विजयसिंह म्हणाले. "तुमचं ते वर्कग्रुप-फिर्कग्रुप ऱ्हाऊ दे बाजूला. आमच्यात चोर निघालाय."

केबिनच्या भिंतीवर त्यांचे सत्काराचे फोटो होते. प्रत्येकात फेटा निराळा आणि चेहरा तोच.

हकिगत थोडक्यात अशी होती. पुण्याच्या एका कंपनीला पंपाच्या ओतीव कवचाचे नवे ड्रॉइंग हवे होते. फौंड्रीतली ड्राफ्ट्समन शांभवी हिने कित्येक महिने खपून ते संगणकावर तयार केले. कंपनीची माणसे सोमवारी येणार होती. खंडेनवमीला, यंत्रांची पूजा चालू असताना, ते ड्रॉइंग तिच्या संगणकातून नाहीसे झाले. कागदावर होता तो फक्त पहिला कच्चा आराखडा. पुढच्या सगळ्या सुधारणा संगणकातच होत्या.

"हातकणंगल्याच्या फौंड्रीवाल्याला विकलं तिनं," विजयसिंह म्हणाले. "आणि हितलं पुसून टाकलं."

"पुरावा?"

"तिचं मशीन, तिची फाईल, तिची खुर्ची. आणि काय पायजे? दोन वर्षांमागं त्या हातकणंगलेवाल्याकडंच नोकरी मागायला गेलती. काल दसरा चौकात सोनं वाटताना सगळ्या फौंड्रीवाल्यांच्या कानावर घातलं मी, ह्या पोरीला दारात उभी करू नका म्हणून."

म्हणजे आपट्याचे पान हातात ठेवून, सोन्यासारखे राहा म्हणून, लगेच दुसऱ्याच्या लेकीचे नाव मातीत घातले. संयोगिताने त्यांच्याकडे पाहिले. असल्या माणसाला स्वतःच्या वागण्यातली विसंगती दाखवावी, तर तो तीही आपल्या सत्कारात धरतो. म्हणून ती वळून बाहेर आली.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पायांत वहाणा तशाच. शेजारी शांभवी उभी होती. तो तिचा बाप, नागाप्पा. रात्री निरोप मिळाला तसा पहाटेच्या एसटीने नेसरीहून निघून आलेला.

"अक्का," तो संयोगिताला म्हणाला, "लेक माझी हाय, घिऊन जातो की. घरात चार घास जड न्हाईत. पर चोर म्हणून न्हेणार न्हाई. तेवढं बघा तुम्ही."

शांभवी रडत नव्हती. रडून झाल्यावर येतो तो कोरडेपणा तिच्या आवाजात होता.

"मॅडम, ड्रॉइंग एकटं गेलेलं नाही," ती म्हणाली. "सगळंच गेलंय. पण जे उरलंय, ते बघून तुम्ही हसाल."

२

संयोगिता हसली नाही, एवढेच. पडद्यावर शांभवीचा फोल्डर उघडा होता. पंपाचे ड्रॉइंग नव्हते, जुन्या चाकांची, झडपांची, कुणालाही नको असलेली ड्रॉइंगेही नव्हती. होती फक्त एक म्हैस.

शिंगांना रंग, कपाळावर कवड्यांची पट्टी, पाठीवर मोरपिसे. एका फोटोत ती सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलीमागे धावत होती. दुसऱ्यात मालकांनी तिच्या गळ्यात हात टाकला होता आणि दोघेही कॅमेऱ्याकडे सारख्याच गांभीर्याने पाहत होते.

"आमच्या मालकांची, दादासाहेबांची चंद्री," शांभवी म्हणाली. "दिवाळी पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीत दर वर्षी पहिली. हे फोटो मी स्कॅन करून ठेवायचे, असा हुकूम आहे. अर्धी डिस्क हिनंच खाल्ली आहे. काढून टाकू का म्हणून विचारलं, तर मला म्हणाले, तुझ्या पंपाला कोण हार घालतंय?"

संयोगिताने रिसायकल बिन उघडली. पुसलेल्या फायली जिथे जाऊन पडतात ती ही टोपली काठोकाठ भरलेली होती. कित्येक महिन्यांमागची रद्दी तशीच. त्यात पंपाचे ड्रॉइंग नव्हते. जुन्या झडपाही नव्हत्या.

"टोपली कधी रिकामी करतेस?"

"कधीच नाही. भीती वाटते. चुकून काही लागलं तर?"

सावध माणसाची रद्दीही सावध असते. संयोगिताच्या मनात पहिली खूण तिथे उमटली. या खुर्चीत बसून कुणी साधेपणाने फायली पुसल्या असत्या, तर त्या या टोपलीत सापडायला हव्या होत्या. तारेपलीकडून, दुसऱ्या संगणकावरून पुसलेली फाईल टोपलीत पडत नाही. ती थेट जाते.

"खंडेनवमीला तू कुठं होतीस?"

"सकाळी शेवटच्या सुधारणा करून फाईल ठेवली. मग भट्टीपुढं रांगोळी काढायला गेले. कारखान्यात बाई मी एकटी, म्हणून रांगोळी माझ्याकडं." तिने ही गोष्ट तक्रारीशिवाय सांगितली. "संगणक चालूच ठेवला. प्रिंटर माझ्या मशीनला जोडलाय. हे बंद केलं की कुणालाच छापता येत नाही."

"आणि तुझा फोल्डर बाकीच्यांना दिसतो?"

"तिघांनाही. दारं आमचे संगणक बघणाऱ्या वीरेशनं घातलीत. दोन परवलीचे शब्द आहेत. एकानं फाईल नुसती बघता येते, छापता येते. दुसऱ्यानं बदलता येते, पुसता येते."

"दुसरा शब्द कुणाकुणाला ठाऊक?"

शांभवीने काचेपलीकडे नजर टाकली. मग आवाज खाली आणला.

"ते वीरेशला विचारा. मला त्यानं कधीच सांगितलं नाही."

३

डिस्पॅचचे हंबीरराव शांभवीच्या शेजारच्या टेबलावर बसत. साठीचे गृहस्थ, जाड भिंगे, संगणकाच्या पडद्यावर पंचा झाकलेला. पडदा उघडायचा तो गाडी भरायच्या वेळी, पावती छापण्यापुरता.

"खंडेनवमीला इथं कोण आलं होतं, हंबीरराव?"

"कोण न्हाय. मी उठलोच न्हाई बघा. गुडघं धरल्यात. आरतीलाबी हितनंच हात जोडलं." त्यांनी शांभवीच्या खुर्चीकडे हनुवटी उडवली. "त्या खुर्चीत दिवसभर माशी बसली असंल तर बसली असंल, माणूस न्हाय."

"तुम्हीही नाही?"

"मी? मला ह्यो डबडा सोसंना, आणि तिचा कशाला उघडू?"

संयोगिताने त्यांच्या पडद्यावरचा पंचा बाजूला केला आणि शांभवीच्या फोल्डरात मुद्दाम टाकून ठेवलेली एक फालतू फाईल इथून पुसायचा प्रयत्न केला. संगणकाने साफ नकार दिला. या दारातून नुसते डोकावता येत होते. म्हाताऱ्याला पहिलाच शब्द दिलेला होता.

"काय केलंसा?"

"तुम्हाला सोडवलं."

"आयला, मी अडकलोतो व्हय?" हंबीरराव मनापासून हसले. मग पुढे झुकले. "तुम्ही ते दोन परकार सांगायला आलाय न्हवं? वीरेश सांगत हुता. मला कळलं ते सांगू? आत्ता हाय ती भावकी. ज्याचा त्यो मालक, ज्याच्या त्याच्या दाराला ज्याची त्याची कडी, आणि बांधावरनं भांडाण. आणि ते दुसरं म्हंजे पाटीलकी. चावडीत एक पाटील बसवायचा, कुणी कुठं जायचं त्यो ठरवणार."

याहून चांगली व्याख्या संयोगिताने पाठ्यपुस्तकात वाचली नव्हती. अर्थात तिची पाठ्यपुस्तके फारशी चांगली नव्हती.

"आणि पाटील कोण होणार?"

"त्योच की. वीरेश. कवाधरनं दादासाहेबांच्या मागं लागलाय, सर्व्हर घ्या, सर्व्हर घ्या. दादासाहेब म्हणायचं, चाललंय ते बरं हाय. तवा त्यो म्हणायचा, एकदा आग लागल्याबिगर तुम्हांस्नी हिरीची आठवण व्हायची न्हाई." हंबीररावांनी भिंगे पुसली. "पोरगं हुशार हाय, खोटं कशाला बोलू. शिमग्याच्या टायमाला माझ्या समद्या पावत्या पुसल्या गेलत्या. ह्यो पळत आला, माझा हात धरला, म्हणाला, आता मशीनला बोट लावू नका, आत काय लिहू नका, म्हंजे परत काढता येतंय. आणि काढल्या की समद्या!"

संयोगिता खुर्चीवरून उठता उठता थांबली.

"बोट लावू नका म्हणाला?"

"असा हात धरलता. अजून दुखतोय."

४

वीरेश तिशीच्या आतला, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेने. त्याच्या टेबलामागे सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र चौकटीत लावले होते आणि चौकट प्रमाणपत्राहून महाग होती. संयोगिताला पाहताच तो इंग्रजाळलेल्या मराठीत सुरू झाला.

"मॅडम, तुम्ही तरी दादासाहेबांना समजवा. धिस इज द प्रॉब्लेम. वर्कग्रुपमध्ये कुणाचा कुणाला पत्ता नसतो. कोण आलं, कोण गेलं, कशाचीही नोंद नाही. डोमेन असतं तर माणूस आधी सर्व्हरला नाव सांगणार, मग आत येणार. मी एका जागी बसून सांगितलं असतं, फाईल कुणी पुसली ते."

"आता सांगता येत नाही?"

"इम्पॉसिबल."

"फाईल गेल्याचं कळल्यावर तुम्ही काय केलंत?"

"मी लगेच तिच्या मशीनवर डिस्क डीफ्रॅग लावली. रात्रभर चालली. म्हटलं कुठं अडकून बसली असली तर मोकळी होईल."

तो हे इतक्या सहजपणे म्हणाला की ऐकणाऱ्याला ते उपकारच वाटावेत. डीफ्रॅग म्हणजे डिस्कवरचा माल उचलून नीट रचणे. पुसलेली फाईल डिस्कवर काही काळ तशीच पडून राहते. तिच्या जागेवर दुसरे काही रचले गेले की मग ती कायमची जाते. म्हणजे वाचवता येण्याजोगे जे काही होते, ते वीरेशने रात्रभर यंत्र चालवून पुरते गाडून टाकले होते. शिमग्याला म्हाताऱ्याचा हात धरणारा हाच माणूस.

संयोगिताला मनातून किळस आली, आणि किळस आली की तिचा आवाज फार गोड होत असे.

"पुसायचा शब्द कुणाकडं आहे, वीरेश?"

"माझ्याकडं. ॲडमिन म्हणून."

"म्हणजे शांभवी सोडून ती फाईल तुम्हीच पुसू शकत होता. सर्व्हर तुम्हालाच हवा होता. आग लागल्याशिवाय विहीर आठवत नाही, हेही तुम्हीच म्हणाला होता."

काचेपलीकडे हंबीररावांनी मान वर काढली.

वीरेश मात्र हसला. त्याने पेन खिशातून काढले, पुन्हा खिशात ठेवले.

"मॅडम, खंडेनवमीला माझं मशीन या टेबलावर उघडं पडलं होतं. दादासाहेबांची ऑर्डर होती, हत्यारं आतून-बाहेरून स्वच्छ करा. मी स्क्रू काढून ब्लोअरनं धूळ मारत बसलो होतो. आरतीलासुद्धा त्याचं झाकण लावलेलं नव्हतं. हंबीरराव, खरं का खोटं?"

"खरं हाय," हंबीरराव नाइलाजाने म्हणाले. "समदी धूळ माझ्या चहात."

"उघड्या मशीनवरनं कुणी फाईल पुसतं का, मॅडम? तुमच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवत असतील तर माहीत नाही."

टोमणा बसायचा तिथे बसला. संयोगिताचे गाल तापले. हाताशी आलेला माणूस निसटला होता, आणि निसटताना तिचीच थट्टा करून गेला होता. दुपार कलत होती. दारातल्या बाकावर नागाप्पा तसाच बसून होता. त्याला कुणी चहासुद्धा विचारला नव्हता.

तिने स्वतः जाऊन त्याच्यासाठी चहा सांगितला. आणि तिथे उभी असताना तिला एक गोष्ट सुचली, जी खरे म्हणजे सकाळीच सुचायला हवी होती. कोण काय पुसू शकत होते याचा हिशेब आपण मांडत बसलो. म्हैस कुणी का पुसली नाही, हे विचारायचे राहूनच गेले.

५

"दादासाहेब," ती केबिनमध्ये जाऊन म्हणाली, "चंद्रीचे फोटो सुरेख आहेत."

विजयसिंहांचा चेहरा पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी तिला बसायला सांगितले.

"म्हैस न्हाई ती मॅडम, घराण्याची शान हाय. मोटारसायकल सुरू केली की मागल्या पायांवर हुबी ऱ्हाती. लोक म्हणत्यात, दादासाहेब, माणसं आयकत न्हाईत तुमचं एवढं ही आयकती."

"तुमच्या संगणकातही असतील फोटो."

"असत्यात की! समद्या कचेरीचं समदं मला हितं बसून दिसतं. वीरेशला सांगितलंवतं, मालकाला दार-बिर न्हाई, कडी-बिडी न्हाई, शब्द-बिब्द मी पाठ करत बसणार न्हाई. त्यानं एकदा काय ते टाइप केलं, तवापास्नं समदं उघडं." त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. "बघा, आरशागत हाय का न्हाई? खंडेनवमीला स्वतः साफ केलंय. गड्याला हात लावू दिला न्हाई. हत्यार ज्याचं त्यानं पुसायचं, ही आमची रीत हाय. आजोबा तलवार स्वतः पुसायचे, मी ह्यो पुसला."

"आतूनही?"

"मग! किती कचरा! फायलीच फायली, नावं इंग्रजीत, उघडायला गेलं तर उघडत न्हाईत. एकेक काढत गेलो. आणि ह्यो डबडा दर खेपंला विचारतोय, नक्की का, नक्की का? म्हटलं गप ऱ्हा, मालक मी का तू?"

संयोगिता पडद्याकडे पाहत राहिली. पडद्यावर पिवळ्या फोल्डराचे एक चित्र होते, खाली नाव: सर्व कामे. चित्राच्या कोपऱ्यात इवलासा बाण होता. ही वस्तू इथे नाही, इथून दुसरीकडे वाट जाते, एवढेच तो बाण सांगतो. तो वाचायला विजयसिंहांना कधी कारण पडले नव्हते.

तिने त्यावर दोनदा टिचकी मारली. फोल्डर उघडला.

आत फक्त म्हैस होती, आणि तिने सकाळी स्वतः टाकलेली ती फालतू फाईल.

"दादासाहेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा फार गोड झाला, "सगळ्यांना आत बोलवा. त्या मुलीच्या वडिलांनाही."

६

नागाप्पा वहाणा बाहेर काढून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. खुर्ची कुणी पुढे केली नाही. शांभवी त्याच्या शेजारी. हंबीरराव गुडघे चोळत. वीरेश दारापाशी, हाताची घडी घालून.

"चोरी झालीच नाही," संयोगिता म्हणाली. "चोराला ड्रॉइंग हवं असतं. त्यानं जुन्या झडपा कशाला नेल्या असत्या? सूड घेणारा सगळंच पुसतो, तो म्हैस ठेवत नाही. जागा मोकळी करणारा पहिली म्हैसच काढतो, कारण अर्धी डिस्क तिनं अडवली आहे. शांभवीला ती नकोशी होती. वीरेशच्या लेखी ती अडगळ. हंबीररावांना दाराबाहेरून नुसतं डोकावता येतं. मग सगळ्या कामाला कचरा समजणारा आणि म्हैस तेवढी मोलाची मानणारा माणूस या कचेरीत कोण आहे?"

हंबीररावांनी भिंतीवरच्या फेट्यांकडे पाहायला सुरुवात केली.

"टोपलीत फायली नाहीत, म्हणजे त्या तारेपलीकडून पुसल्या गेल्या. तिच्या खुर्चीत कुणी बसलं नाही. हंबीररावांच्या मशीनला पुसता येत नाही. वीरेशचं मशीन उघडं होतं. उरलं हे मशीन. दादासाहेब, हा फोल्डर तुमच्या संगणकात नाही. ती शांभवीच्या कपाटाला तुमच्या भिंतीतून पाडलेली खिडकी आहे. तुम्ही खिडकीतून हात घालून तिचं कपाट झाडलंत, आणि वाटलं आपलं घर स्वच्छ झालं."

"काय तरीच," विजयसिंह म्हणाले. "माझ्या टेबलावरचं माझं न्हाई?"

शांभवीच्या फोल्डरात सकाळी टाकलेली ती फालतू फाईल अजून तिथेच होती. संयोगिताने त्यांच्या हातात माउस दिला. "ही पुसा." त्यांनी पुसली. संगणकाने विचारले, नक्की का? या खेपेस ते काही बोलले नाहीत. काचेपलीकडे, शांभवीच्या रिकाम्या टेबलावरच्या पडद्यात, ती फाईल दिसेनाशी झाली. कचेरीतल्या सगळ्यांनी ते पाहिले.

"ही चूक अज्ञानाची," संयोगिता म्हणाली. "अज्ञानाला मी हसते, पण त्याचा राग करत नाही. ज्याला ठाऊक होतं, त्याचं काय? वीरेश, ही खिडकी तुम्हीच पाडलीत. दादासाहेबांनी साफसफाई केली हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं असणार. हंबीररावांच्या पावत्या गेल्या तेव्हा तुम्ही त्यांचा हात धरलात, यंत्राला बोट लावू दिलं नाही. शांभवीचं ड्रॉइंग गेलं तेव्हा त्याच यंत्रावर रात्रभर डीफ्रॅग लावलीत. ते परत निघू नये, आणि दादासाहेबांनी सर्व्हर घ्यावा म्हणून. आग लागली होती, तुम्ही लावली नव्हती. तुम्ही फक्त विहिरीवर झाकण घातलंत."

वीरेशची हाताची घडी सुटली. "मी... मालकांचं नाव कसं घेणार, मॅडम? नोकरी आहे माझी."

"आणि तिची नव्हती?"

"पोरीचं नाव घ्यायला सोपं गेलं व्हय रं?" नागाप्पा म्हणाला. आवाज चढवला नव्हता, तरी वीरेश दाराबाहेर एक पाऊल सरकला.

विजयसिंहांनी घसा खाकरला. माणसाला लाज वाटली की तो खाली पाहतो. हे वर पाहत होते, म्हणजे ते हिशेब करत होते. सोमवार. पुण्याची माणसं.

"बरं, झालं ते झालं," ते म्हणाले. "घरातली गोष्ट घरात. दोष ह्या वर्कग्रुपचा हाय. मॅडम, तुम्ही सर्व्हरच लिहून द्या. आणि शांभवी, बस जा टेबलाला. रविवारपत्तोर नवं काढ."

"मी बसते," शांभवी म्हणाली. "आधी फोन करा. काल चौकात ज्या फौंड्रीवाल्यांना सांगितलंत, त्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांना."

"काय सांगू?"

"खरं ते."

त्यांनी फोन ओढला, आकडे दाबले. "हां, अध्यक्षसाहेब! विजयसिंह. ते काल बोललोतो न्हवं, ड्रॉइंगचं... व्हय, त्यो यंत्राचा बिघाड निघाला बघा, नेटवर्कचा—"

शांभवी पुढे आली आणि बोटाने फोनची खुंटी दाबली. लाइन तुटली.

"असं नाही."

बापाच्या वयाच्या, भिंतभर फेटेवाल्या माणसाचा फोन कुणी असा तोडला नव्हता. ते उठणार, असे हंबीररावांना वाटले असावे, कारण ते आपले गुडघे विसरून मध्ये आले. पण सोमवार भिंतीवरच्या फेट्यांहून मोठा होता. विजयसिंहांनी पुन्हा आकडे दाबले.

"लाइन कटली," ते म्हणाले. मग अगदी हलक्या आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावे तसे: "पोरीनं काय केलं न्हाई. माझ्याकडनं पुसलं गेलं. व्हय... माझ्याकडनंच. चौकात बोललो ते चुकलं."

अध्यक्ष कोल्हापूरचेच, त्यांच्या आवाजाला फोनची फारशी गरज नव्हती. रिसीव्हर विजयसिंहांच्या कानापासून वीतभर लांब होता, तरी पलीकडचा प्रत्येक शब्द केबिनभर ऐकू आला.

"आरं तिच्या! म्हंजे पोरगी खरीच हाय? मग तिला माझ्याकडं लावून दे की! कालपास्नं मला हळहळ लागलीती, उद्यमनगरात असली ड्रॉइंग काढणारं दुसरं कोण न्हाई, आणि चोर निघावी! पगाराचं मी बघतो. तिला फोनवर बोलव."

"ती... ती कामात हाय," विजयसिंह घाईने म्हणाले आणि रिसीव्हरवर हात दाबला. घाम त्यांच्या मिशीवर आला होता. "शांभवी, हे बघ, आपण घरच्यागत हाय. पगाराचं आपणबी बोलू. रांगोळी-बिंगोळी काय करू नगंस हितनं पुढं. मॅडम, तुम्ही तरी सांगा हिला. आणि ते सांगा, वर्कग्रुप का डोमेन? म्हणाल ते घेतो."

"भावकीत तुम्ही दुसऱ्याच्या घरात हात घातलात," संयोगिता म्हणाली. "पाटीलकी आली तर पाटलाकडून किल्ली मागून घ्याल. तुमच्या कचेरीला दोन्ही सारखंच, दादासाहेब."

त्यांना ते कळले नाही. ते शांभवीकडे पाहत होते, हातातला रिसीव्हर तसाच छातीशी. आतून अध्यक्षांचा आवाज बारीक होऊन येत होता, हॅलो, हॅलो.

शांभवीने बापाकडे पाहिले. नागाप्पा भिंतीपासून दूर झाला, सदऱ्याची बाही नीट केली.

"शांभव्वा, तुझं तू बोल," तो म्हणाला. "मी हाय हितं."

तिने हात पुढे केला. विजयसिंहांनी रिसीव्हर सोडला नाही. तिने तो त्यांच्या मुठीतून, एक-एक बोट उलगडावे तसा, सावकाश काढून घेतला आणि कानाला लावला.

"नमस्कार साहेब," ती म्हणाली. "मी शांभवी बोलते आहे."